थैली कुणाच्या नावावर?



सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या बहुतेकांना 'ऑकमचा वस्तरा' ठाऊक असतो. एखादा बग सापडत नसला की टीममधलं कुणी ना कुणी म्हणतंच, "सगळ्यांत साधं कारण आधी तपासा." पण हा ऑकम कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. मी राहते त्या म्युनिकमध्ये, श्वाबिंग भागात, त्याच्या नावाचा एक रस्ता आहे. विल्यम ऑफ ऑकम हा इंग्रज माणूस. आयुष्याची शेवटची सुमारे सतरा वर्षं तो म्युनिकमध्ये राहिला आणि १३४७ मध्ये इथेच वारला. तेव्हाचा इथला फ्रान्सिस्कन मठ ज्या जागेवर होता, तिथे आता ऑपेराचं मोठं नाट्यगृह उभं आहे. इंग्लंडचा माणूस इथे कसा आला? तर पोपच्या दरबारातून रातोरात पळून. आणि पळायची वेळ का आली? वस्तऱ्यामुळे नव्हे, एका थैलीमुळे. येशू ख्रिस्ताकडे पैशांची थैली होती का, आणि असली तर तिचा मालक कोण, या प्रश्नामुळे.

ऐकायला हे मास्तरांना छळायला काढलेल्या प्रश्नासारखं वाटतं. पण या वादापायी चौदाव्या शतकात माणसं जिवंत जाळली गेली. उंबेर्तो एकोची 'द नेम ऑफ द रोज' ही १९८० सालची कादंबरी काही जणांनी वाचली असेल, निदान शॉन कॉनरीचा १९८६ चा सिनेमा तरी पाहिला असेल. त्यातल्या खुनांच्या मागे मठात जी चर्चा चाललेली असते, ती हीच. सिनेमा बघताना तो भाग कंटाळवाणा वाटून आपण पुढे सरकवतो. खरं तर सगळं नाट्य तिथेच आहे. आणि या गोष्टीचा एक धागा थेट ठाणे-सोपाऱ्यापर्यंत येतो. त्याकडे मध्यावर येतेच.

वचनं काय म्हणतात

घोळाची सुरुवात बायबलपासूनच होते. मत्तयच्या शुभवर्तमानात एक श्रीमंत तरुण येशूला विचारतो, आता माझ्यात कशाची उणीव आहे? उत्तर मिळतं की असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तरुण खट्टू होऊन निघून जातो. शिष्यांना प्रचाराला धाडताना येशू बजावतो की सोनं नको, चांदी नको, झोळी नको, दुसरा अंगरखासुद्धा नको. इथपर्यंत सरळ आहे. पण योहानच्या शुभवर्तमानात कळतं की या मंडळींची पैशांची एक थैली होती आणि ती यहूदा इस्कर्योत सांभाळायचा. त्याच पुस्तकात शिष्य अन्न विकत आणायला गावात गेल्याचा उल्लेख आहे. लूकच्या शुभवर्तमानात तर शेवटच्या रात्री येशू सांगतो की आता ज्याच्याकडे थैली असेल त्याने ती बरोबर घ्यावी. आणि 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती लोकांबद्दल लिहिलंय की कुणी कशाला स्वतःचं म्हणत नसे, सगळं सामाईक होतं.

आता सामाईक म्हणजे काय? सगळे मिळून मालक, की मालक कुणीच नाही? सोसायटीच्या गच्चीवरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या आपल्या लोकांना हा फरक समजावून सांगायला नको.

अडचणीच्या वचनांचा अर्थ लावायची खटपट फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमाराला अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने याच श्रीमंत तरुणावर एक अख्खं प्रवचन लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की टाकायची ती संपत्ती नव्हे, संपत्तीची आसक्ती. सगळ्यांनीच सगळं टाकलं तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? युक्तिवाद बिनतोड आहे. सोयीचाही आहे. पुढे मठ उभे राहिले, त्यांनी आणखी एक मधला मार्ग काढला: एकेकट्या साधूच्या नावावर काही नाही, मठाच्या नावावर मात्र जमिनी, पाणचक्क्या, द्राक्षमळे, सगळं.

फ्रान्सिस

असिसीच्या फ्रान्सिसला हा मधला मार्गही नको होता. कापडाच्या पैसेवाल्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. १२०६ च्या सुमाराला त्याने बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली केले आणि घराशी नातं संपवलं. १२०९ मध्ये पोप इनोसंट तिसऱ्याने त्याच्या लहानशा टोळीला तोंडी परवानगी दिली. १२२३ मध्ये जी नियमावली मंजूर झाली, तिचा आशय असा की बंधूंनी घर, जागा, कुठलीच वस्तू आपलीशी करायची नाही, नाणी स्वतः घ्यायची नाहीत आणि दुसऱ्याकरवीही घ्यायची नाहीत.

फ्रान्सिसला आपल्या लोकांची नस ठाऊक असावी. १२२६ मध्ये मरण्यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात त्याने ताकीद दिली की या नियमांवर टीपा लिहू नका, अर्थ लावत बसू नका, जे साधं लिहिलंय ते साधेपणाने पाळा.

ही ताकीद चार वर्षं टिकली. १२२८ मध्येच, म्हणजे त्याला जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती तोवर, असिसीत त्याच्या नावाच्या भव्य चर्चचा पाया घातला गेला. बंधूंची संख्या भराभर वाढत होती. पॅरिस आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत ते शिकत-शिकवत होते. त्यांना पुस्तकं हवीत, राहायला जागा हवी, थंडीत पांघरूण हवं. मग हे सगळं कुणाचं? बंधू पोप ग्रेगरी नवव्याकडे गेले. १२३० मध्ये त्याने निकाल दिला: फ्रान्सिस माझा मित्र होता, त्याचं मन मला माहीत आहे, आणि त्याचं मृत्युपत्र संघावर कायद्याने बंधनकारक नाही. बंधूंना मालकी कशाचीच नाही, एकेकट्याला नाही आणि सगळ्यांना मिळूनही नाही. त्यांना फक्त वापर. १२४५ मध्ये इनोसंट चौथ्याने पुढचं पाऊल टाकलं: देणाऱ्याने मालकी स्वतःकडे ठेवली नसेल, तर ती पोपच्या गादीची.

आपल्याकडच्या वाचकाला ही भानगड चटकन कळते, कारण 'मालकी' आणि 'वहिवाट' हे दोन शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. देवस्थानाच्या जमिनीची मालकी देवाची असते आणि वहिवाट पुजाऱ्याची नाही तर गुरवाची. पीक कोण खातो ते गावाला माहीत असतं. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर सॉफ्टवेअरचं लायसन्स घ्या. तुमच्या लॅपटॉपवरची बहुतेक सॉफ्टवेअर तुमची नाहीतच. 'आय ऍग्री'वर न वाचता क्लिक करून तुम्ही फक्त वापरायची परवानगी घेतलेली असते. फ्रान्सिस्कन बंधूंनी आपलं अख्खं आयुष्यच लायसन्सवर घेतलं होतं.

यहूदाची थैली

इतर धर्मगुरूंना हे पटणं शक्यच नव्हतं. बंधू जर म्हणू लागले की येशू आणि प्रेषित पूर्ण निष्कांचन होते आणि आम्ही तसेच आहोत, तर जमीनजुमला असलेल्या बिशपांनी काय समजायचं? १२५० च्या दशकापासून पॅरिसमध्ये जोरदार पत्रकबाजी झाली. विरोधकांचं आवडतं हत्यार म्हणजे यहूदाची थैली. येशूकडे थैली होती, म्हणजे पैसा होता, म्हणजे मालकी होती. संपला विषय.

फ्रान्सिस्कनांतर्फे बोनाव्हेंचरने १२६९ च्या सुमाराला उत्तर दिलं. थैली होती, पण येशूने ती दुबळ्या अनुयायांना सांभाळून घेण्यासाठी चालवून घेतली, सगळ्यांनाच शिखर चढायला सांगितलेलं नाही हे दाखवण्यासाठी. पट्टीचा पोहणारा नवशिक्याबरोबर उथळ पाण्यात उतरतो, म्हणून त्याला पोहता येत नाही असं नाही. (उदाहरण माझं, आशय त्याचा.) पोप निकोलस तिसऱ्याने १२७९ च्या आज्ञापत्रात हाच अर्थ उचलला. त्यात सांगितलं की मालकी वेगळी, वापराचा हक्क वेगळा आणि 'नुसता वापर' वेगळा. बंधूंकडे तिसरा प्रकार, आणि ही वाट ख्रिस्ताने स्वतः दाखवलेली आहे. शिवाय बजावलं की या आज्ञापत्रावर कुणी टीपा लिहायच्या नाहीत, वाद घालायचा नाही. फ्रान्सिसची ताकीद ज्यांनी बाजूला सारली, त्याच गादीने आता स्वतःच्या अर्थावर तीच ताकीद लावली.

कागद पक्का झाला. आता खरी पंचाईत आतून सुरू झाली. मालकी पोपची म्हटल्यावर बंधूंच्या कोठारात धान्य आलं, तळघरात वाईन आली, झगे लांब आणि मऊ झाले. व्रत मोडलं का? कागदावर अजिबात नाही! दक्षिण फ्रान्समधल्या पीटर ऑलिव्ही नावाच्या बंधूने नेमकं इथे बोट ठेवलं. तो म्हणाला, मालकी नसणं हे अर्धंच व्रत झालं. वापरही गरिबासारखा हवा. दुसऱ्याच्या नावावरच्या घरात ऐषारामात राहणाऱ्याला गरीब कोण म्हणेल? ऑलिव्ही १२९८ मध्ये वारला, पण त्याच्या मागे कडव्या बंधूंचा एक गट उभा राहिला. इतिहासात त्यांना 'स्पिरिच्युअल' म्हणतात. हे लोक आखूड, ठिगळांचे झगे घालत आणि कोठारं नकोत म्हणत.

१३१६ मध्ये जॉन बाविसावा पोप झाला. वय सत्तरीच्या पुढे, डोकं पक्क्या वकिलाचं, मुक्काम फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरात. त्याने १३१७ मध्ये निकाल दिला की झगा केवढा असावा आणि कोठार असावं की नाही हे वरिष्ठ ठरवतील. गरिबी मोठी खरी, पण आज्ञापालन त्याहून मोठं. कडव्या बंधूंना बोलावून जाब विचारला गेला. बहुतेकांनी माघार घेतली. चौघांनी घेतली नाही. ७ मे १३१८ रोजी मार्सेय शहरात त्या चौघांना जाळलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ही कारवाई एकट्या पोपची नव्हती. चौकशी करणारा न्यायाधीश फ्रान्सिस्कनच होता. संघाचा सर्वोच्च प्रमुख चेझेनाचा मिकेले पोपच्या बाजूने उभा होता. बेर्गामोचा बोनाग्रात्सिया नावाचा संघाचा वकील तर स्पिरिच्युअलांविरुद्ध कित्येक वर्षं लढत आला होता. ही दोन नावं पुन्हा येणार आहेत.

मधेच ठाणे

आता तो ठाण्याचा धागा. मी मूळची ठाण्याची. कौपिनेश्वर, मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन एवढं ठाणं शाळेत असल्यापासून पाठ. पण एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधू मारले गेले, हे मला कळलं ते या वादाबद्दल वाचताना, इथे जर्मनीत.

त्यांच्यातला थोर म्हणजे तोलेंतिनोचा तोमासो. गरिबीच्या व्रताबद्दल कडवी मतं धरली म्हणून तरुणपणी तो इटलीत आपल्याच संघाच्या कैदेत होता. सुटल्यावर त्याला आर्मेनियाला धाडलं. 'त्रासदायक माणसाला ऑनसाइट पाठवा' हे धोरण काही आयटीवाल्यांनी शोधलेलं नाही! पुढे चीनला निघालेला तोमासो होर्मुझहून समुद्रमार्गे येताना ठाण्याला उतरला. बरोबर सिएनाचा पिएत्रो, पादुआचा जाकोमो आणि तिफ्लिसचा दिमेत्रियस होते. ठाण्यावर तेव्हा दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. काझीपुढे धर्मावरून वाद झाला, तो चिघळला आणि ९ एप्रिलला तिघांना ठार मारण्यात आलं. सामान राखायला मागे थांबलेला पिएत्रो दोन दिवसांनी मारला गेला. त्यांचा सोबती जॉर्डन त्या वेळी दुसऱ्या गावी गेला होता. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओदोरिको नावाचा प्रवासी बंधू त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला.

या जॉर्डनची गंमत अशी की तो फ्रान्सिस्कन नव्हता, डोमिनिकन होता. युरोपात थैलीच्या वादात हे दोन संघ एकमेकांच्या उरावर बसले होते. सोपाऱ्याला मात्र एका डोमिनिकनाने चार फ्रान्सिस्कनांना माती दिली. याच जॉर्डनला १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप नेमलं. नेमणारा पोप कोण? तोच, जॉन बाविसावा.

अंडं, चीज आणि पावाचा तुकडा

त्याच १३२१ मध्ये नार्बोन गावात एका माणसावर पाखंडाचा खटला चालू होता. त्याचं म्हणणं असं की येशू आणि प्रेषितांच्या मालकीचं काही नव्हतं, एकेकट्याचं नव्हतं आणि सामाईकही नव्हतं. न्यायाधीश डोमिनिकन. सल्ल्याला बसलेला एक फ्रान्सिस्कन अध्यापक उठून म्हणाला, यात पाखंड कसलं? १२७९ च्या पोपच्या आज्ञापत्रात हेच लिहिलंय! प्रकरण जॉन बाविसाव्याकडे गेलं.

जॉनने मार्च १३२२ मध्ये आधी वाद घालण्यावरची जुनी बंदी उठवली. फ्रान्सिस्कनांनी जूनमध्ये पेरूज्याला सभा भरवली आणि येशू निष्कांचन होता हे मत पूर्णपणे शास्त्रशुद्ध असल्याचं जाहीर केलं. पोपच्या निकालाची वाट न बघता. ८ डिसेंबर १३२२ ला जॉनने फटका मारला. तो म्हणाला, तुमच्या वस्तूंची मालकी घेऊन आम्हाला मिळालं काय? कोर्टकज्जे. आणि मालकी नसल्यामुळे तुमची वस्तूंची हाव तरी कमी झाली का? नाही. मग ही नावापुरती मालकी आम्हाला नको, तुमची तुम्ही घ्या.

याच्या पोटातला कायद्याचा मुद्दा फार तल्लख आहे. घर वापरलं तरी घर उरतं, म्हणून त्याची मालकी एकाची आणि वापर दुसऱ्याचा असू शकतो. पण खाण्याच्या वस्तूचं काय? चीज खाल्लं की संपलं. मग मालक काय घेऊन बसणार? शुद्धीवर असलेला कुठला माणूस मानेल, की एकेका अंड्याची, चीजची, पावाच्या तुकड्याची मालकी पोपकडे ठेवायचा विचार निकोलस तिसऱ्याने केला असेल?

फ्रान्सिस्कनांचा वकील कोण? तोच बोनाग्रात्सिया. त्याचं उदाहरण घोड्याचं: घोडा ओट खातो, म्हणून तो ओटचा मालक होतो का? आपल्याला पंगत जास्त जवळची. पाहुणा ताटातली जिलबी मनसोक्त खातो. पण ती शेजाऱ्याला विकू शकत नाही, आणि दुसऱ्यांदा वाढली नाही म्हणून कोर्टातही जाऊ शकत नाही. म्हणजे मालकीविना खाणं शक्य आहे. बोनाग्रात्सियाने जानेवारी १३२३ मध्ये भर दरबारात आव्हान दिलं. पोपने त्याला वर्षभर कोठडीत टाकलं.

१२ नोव्हेंबर १३२३ ला शेवटचा घाव बसला. येशू आणि प्रेषितांकडे काहीच नव्हतं आणि असलेल्या वस्तूंवर त्यांचा हक्क नव्हता, असं हट्टाने म्हणणं हे यापुढे पाखंड. कारण शास्त्रात कित्येक ठिकाणी त्यांच्याकडे वस्तू असल्याचं लिहिलंय. वचनं तीच, थैली तीच, गादीही तीच. १२७९ मध्ये जो आदर्श होता, तो चव्वेचाळीस वर्षांनी गुन्हा झाला.

पळापळ आणि प्रत्युत्तर

मिकेलेला १३२७ च्या शेवटी आव्हिन्योंला बोलावून अडकवून ठेवलं. तिथेच ऑकम होता. त्याच्या तत्त्वज्ञानातल्या काही मतांची १३२४ पासून चौकशी चालू होती. मिकेलेने त्याला पोपची आज्ञापत्रं बारकाईने वाचायला सांगितली. ऑकमने वाचली आणि त्याचं मत झालं की पाखंडी खुद्द पोपच आहे. २६ मे १३२८ च्या रात्री मिकेले, बोनाग्रात्सिया आणि ऑकम पळाले. आधी पिसाला, सम्राट लुडविगच्या आश्रयाला, आणि नंतर त्याच्याबरोबर म्युनिकला. लुडविगचं पोपशी आधीच फाटलेलं होतं, त्यामुळे पाहुण्यांचं स्वागतच झालं.

पोपने १३२९ मध्ये भलंमोठं उत्तर लिहिलं. त्यात तो थेट उत्पत्तीच्या पुस्तकापर्यंत मागे गेला: हव्वा जन्मण्याआधी आदाम एकटा सगळ्याचा मालक होता, म्हणजे खासगी मालकी ही देवानेच घालून दिलेली व्यवस्था. त्यावर ऑकमने काही वर्षांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. नव्वद दिवसांत हातावेगळा केला म्हणून त्याचं नावच 'नव्वद दिवसांचं काम'. डेडलाइन आपल्यालाच असतात असं नाही.

त्यातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. ऑकम दोन प्रकारचे हक्क मानतो. त्याचे लॅटिन शब्द मराठीत आणायचे तर एक 'आभाळाचा हक्क' आणि दुसरा 'चावडीचा हक्क'. चावडीचा हक्क माणसांनी केलेल्या कायद्याचा, ज्याच्या जोरावर दावा लावता येतो. मालकी तिथली. आभाळाचा हक्क त्याच्या आधीचा: भुकेल्याला जगण्यापुरतं खाता येणं. बंधूंनी सोडला तो चावडीचा हक्क. आभाळाचा हक्क सोडायची सोयच नाही, कारण तो माणूस असण्याबरोबर येतो. ब्रायन टिअर्नी या इतिहासकाराने १९९७ च्या आपल्या पुस्तकात नैसर्गिक हक्कांच्या कल्पनेचा इतिहास मांडला, त्यात या भांडणाला मोठी जागा आहे. त्याच टिअर्नीने १९७२ मध्ये आणखी एक खळबळजनक गोष्ट मांडली होती: पोपचा निकाल कधीच चुकू शकत नाही या कल्पनेची मुळं या वादात आहेत, आणि ती रेटली ती फ्रान्सिस्कनांनी, जॉनला १२७९ च्या निकालाशी बांधून ठेवण्यासाठी. जॉनला ती मुळीच नको होती. टिअर्नीचं हे मत सगळ्यांना मान्य नाही. पण १८७० मध्ये ती कल्पना चर्चचा अधिकृत सिद्धांत झाली, हे मनात ठेवून वाचलं की गंमत वाटते.

मला काय वाटतं

हा इतिहास बहुतेक ठिकाणी 'गरीब बिचारे बंधू विरुद्ध धनाढ्य पोप' असा सांगितला जातो. मला तो तितका सोपा वाटत नाही. कागदावरची गरिबी हे ढोंग आहे, हे जॉनचं म्हणणं खरं होतं. भरलेलं कोठार पोपच्या नावावर केल्याने ते रिकामं होत नाही. पण हेच ऑलिव्हीने त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं, आणि त्याचा उपायही सांगितला होता: नाव कुणाचं ते बघू नका, वापर किती ते बघा. जॉनने ढोंग उघडं पाडलं, पण बंधूंना साधं राहायला नाही लावलं. उलट जे खरोखर साधे राहत होते त्यांना आधी जाळलं आणि मग उरलेल्यांना सांगितलं की मुळात ख्रिस्तच तुम्ही म्हणता तसा नव्हता.

आणि मिकेले, बोनाग्रात्सिया? त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटते, पण पुरती नाही. १३१८ मध्ये मार्सेयच्या चौघांनी म्हटलं होतं की आमच्या व्रताच्या आड येणारी आज्ञा द्यायचा अधिकार पोपलाही नाही. तेव्हा या दोघांच्या बाजूचं उत्तर होतं, आज्ञापालन सगळ्यांत मोठं. दहा वर्षांनी हेच दोघं आव्हिन्योंहून रात्री पळाले, आणि पुढे आयुष्यभर जे लिहीत राहिले त्याचा सारांश म्हणजे त्या चौघांचंच वाक्य. शास्त्राचा अर्थ कोण लावणार, हा प्रश्न दुसऱ्याच्या बाबतीत 'वरिष्ठ लावतील' म्हणून मिटवला, की आपली पाळी येते तेव्हा बोलायला जागा उरत नाही. बोनाग्रात्सिया १३४० मध्ये म्युनिकमध्ये वारला, मिकेले १३४२ मध्ये. दोघंही बहिष्कृतच मेले. मार्सेयच्या चौघांबद्दल त्यांना शेवटी काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. आजकाल गाणी, सिनेमे, सॉफ्टवेअर, काही जणांची तर गाडीसुद्धा, सगळं मासिक वर्गणीवर असतं. मालकी शून्य, नुसता वापर. निकोलस तिसऱ्याच्या व्याख्येने आपण सगळेच निष्कांचन महात्मे. (ह. घ्या.) इकडे दुसऱ्या टोकाला, देशात फ्लॅट आईच्या नावावर, इथला बायकोच्या, शेत काकांच्या, आणि 'माझ्या नावावर काही नाही हो' असं सांगणारे गृहस्थ आपण सगळ्यांनी पाहिलेत. थैली कुणाच्या नावावर, याचं उत्तर वकील देतात आणि ते दर चाळीसेक वर्षांनी बदलू शकतं. ऑलिव्हीचा प्रश्न मात्र कागदपत्रांत सापडत नाही. कोठारात किती आहे, आणि त्यातलं किती लागतं? त्याचं उत्तर ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. सातशे वर्षांनी वाचताना मला या सगळ्या वादातला तेवढाच प्रश्न ताजा वाटला.

असो, फार लांबलं. जाता जाता एक विनंती. आपल्यात वसई-सोपाऱ्याकडचं कुणी असेल, तर १३२१ च्या त्या चौघांची काही आठवण, काही सांगोवांगी गोष्ट तिकडे अजून आहे का, ते जरूर लिहा. वाचायला फार आवडेल.